हॅलरटाऊ मिळालं नाही, तर गव्हाच्या बिअरमध्ये काय घालायचं?

रेसिपीत हॅलरटाऊ मिटेलफ्रू हा हॉप्सचा (बिअरला कडवटपणा आणि वास देणाऱ्या फुलांचा) जर्मन वाण लिहिलाय आणि तो हाताशी नाही, तर आधी एवढंच बघा: हॉप्स उकळीच्या सुरुवातीला पडतात की शेवटी?

वाइत्सन या जर्मन गव्हाच्या बिअरमधला केळ्या-लवंगेचा वास यीस्टचा असतो. हॉप्सचं काम माल्टचा (मोड आणून वाळवलेल्या धान्याचा) गोडवा तोलण्यापुरतं, म्हणजे साधारण 8 ते 15 आयबीयू (कडवटपणा मोजायचं एकक). तासभर उकळल्यावर त्यांचा सुगंध बहुतेक उडून जातो. म्हणून सगळे हॉप्स सुरुवातीलाच पडत असतील, तर वाणापेक्षा अल्फा आम्लाचा, म्हणजे हॉप्समधल्या कडवटपणा देणाऱ्या घटकाचा, हिशेब महत्त्वाचा. रेसिपीतल्या ग्रॅमना तिथल्या हॉप्सच्या अल्फाने गुणा आणि तुमच्या हॉप्सच्या अल्फाने भागा. 4 टक्क्यांचे 24 ग्रॅम लागत असतील, तर 8 टक्क्यांचं पर्ल 12 ग्रॅम पुरतं आणि 12 टक्क्यांचं मॅग्नम 8. अल्फा दर हंगामात बदलतो, तेव्हा आकडा पाकिटावरचाच घ्या.

या दोघांत मी पर्ल निवडेन. मॅग्नमचा कडवटपणा अगदी स्वच्छ असतो, पण 8 ग्रॅम मोजताना काटा 2 ग्रॅमने चुकला तर कडवटपणा पाव हिश्श्याने बदलतो. एवढ्या नाजूक बिअरमध्ये तो फरक जिभेला कळतो.

शेवटच्या 10-15 मिनिटांत हॉप्स पडणार असतील, तर मात्र वाण जपून निवडावा. फुलांचा आणि हलक्या मसाल्याचा वास असलेलं जर्मन टेटनँग मूळ चवीच्या सगळ्यात जवळ जातं. ते नसेल तर माउंट हूड. 1989 साली अमेरिकेत आलेला हा वाण हॅलरटाऊचाच वंशज. अल्फा बहुधा जास्त असतो, म्हणून वजन थोडं कमी करा. साझ जरा मातकट, पण चालतं. धणे आणि संत्र्याची साल घातलेल्या विटबिअर या बेल्जियन गव्हाच्या बिअरमध्ये तर मला तेच सगळ्यात आवडतं. विलमेट हे फगल या इंग्लिश वाणाच्या कुळातलं. त्याचा मातीचा, लाकडाचा वास केळ्याशी जुळत नाही.

राहिलं कॅस्केड. साध्या, तटस्थ यीस्टच्या अमेरिकन गव्हाच्या बिअरमध्ये त्याचा ग्रेपफ्रूटचा वास फार सुरेख खुलतो. वाइत्सनच्या यीस्टसोबत शेवटी ते घालू नका, लवंग पार दबून जाते. घरात फक्त कॅस्केडच असेल, तर सगळं सुरुवातीलाच टाका आणि शेवटची भर वगळा. आणि कुठल्याही जुन्या पाकिटाला चीजसारखा वास येत असेल, तर ते वापरूच नका.