४२व्या रस्त्याखालील निक केव्ह

न्यूयॉर्कमधील टाइम्स स्क्वेअरच्या भुयारी स्थानकात शिकागोचे कलावंत निक केव्ह यांची मोझेक भित्तिचित्रे २०२१ आणि २०२२ अशा दोन टप्प्यांत बसवली गेली. सुमारे ४,६०० चौरस फुटांचे हे काम पाहायला रेल्वेच्या भाड्यापलीकडे काही मोजावे लागत नाही.

भिंतींवर उड्या मारणाऱ्या, गिरक्या घेणाऱ्या आकृती म्हणजे केव्ह यांचे ‘साउंडसूट’, अंगावर चढवण्याची शिल्पे. १९९१ साली लॉस एंजेलिसच्या पोलिसांनी रॉडनी किंग या कृष्णवर्णीय माणसाला केलेल्या मारहाणीने अस्वस्थ झालेल्या केव्ह यांनी शिकागोच्या ग्रँट पार्कमध्ये पडलेल्या काटक्या गोळा केल्या आणि त्यांतून १९९२ साली पहिला वेश तयार झाला. तो घालून हालचाल केली की काटक्या एकमेकींवर घासून वाजत. आत कोण आहे, काळा की गोरा, स्त्री की पुरुष, हे मात्र कळत नसे. कोकणातल्या शिमग्यात संकासुर पाहिलेल्यांना ही गंमत आणि तिच्यातली धास्ती वेगळी सांगायला नको.

कारागिरीबद्दल तक्रारीला जागा नाही. राफियाच्या, म्हणजे ताडवर्गीय झाडाच्या पानांच्या, धाग्यांची झुलती लव काचेच्या बारीक तुकड्यांतून इतकी नेमकी उतरली आहे की हात लावून पाहावासा वाटतो. पण पहिल्या वेशामागची भीती या झगमगाटात जवळजवळ पुसली गेली आहे. मूळ कथा ठाऊक नसलेल्या प्रवाशाला हा निव्वळ उत्सव वाटेल. दुसरी उणीव अंगाच्या हालचालीची. केव्ह यांनी नृत्याचे शिक्षणही घेतलेले आहे, आणि हे वेश नाचणाऱ्या शरीराविना अपुरेच राहतात. टाइम्स स्क्वेअरहून ये-जा करणाऱ्या शटल गाडीच्या दुसऱ्या टोकाला, ग्रँड सेंट्रल स्थानकात, मार्च २०१३ मध्ये त्यांनी राफियाचे ३० घोडे नाचवले होते. प्रत्येकात दोन नर्तक होते. तो जिवंतपणा भिंतीकडून मागणे अन्यायाचे, हे मान्य. तरी तो आठवतोच.

काम खुले झाले तेव्हा ही उणीव थोडी भरून निघाली ती मार्गिकेतील ११ डिजिटल पडद्यांमुळे. त्यांवर दर १५ मिनिटांनी तीन मिनिटे साउंडसूटच्या नृत्याच्या चित्रफिती लागत. सकाळ-संध्याकाळची गर्दी टाळून जावे, आणि त्या चित्रफिती अजून लागत असतील तर त्यांच्यासाठी पुढची गाडी खुशाल सोडावी.