स्टार्टर फिरतो, पण गाडी सुरू होत नाही: सर्व्हिस सेंटर, इलेक्ट्रिशियन की चावीवाला?

चावी फिरवली की सेल्फ व्यवस्थित लागतो, इंजिन क्षणभर धरतं आणि बसतं. डॅशबोर्डवर चावीचं किंवा कुलूप लावलेल्या गाडीचं चित्र मिचमिचत राहतं. इमोबिलायझर, म्हणजे चोरीविरोधी यंत्रणा, चावी ओळखत नाहीये. अशा वेळी शेजारीपाजारी तीन सल्ले हमखास मिळतात: टो करून सर्व्हिस सेंटरला न्या, ऑटो इलेक्ट्रिशियन बोलवा, किंवा चावीवाला घरी येऊन करून देईल. माझं मत असं की आधी दोष कुठल्या बाजूचा आहे ते घरीच चाचपावं, मग माणूस निवडावा. उलटं केलं की चांगले सुटे भाग बदलले जातात.

चावीच्या प्लास्टिकमध्ये एक बारीक चिप असते. तिला सेल लागत नाही. चावीच्या खाचेभोवती बसवलेली अँटेना कॉइल तिला ऊर्जा पुरवते आणि तिची ओळख वाचते. ती पटली तरच ईसीयू, म्हणजे इंजिनचा संगणक, इंजिन चालू राहू देतो. त्यामुळे रिमोटचा सेल संपला तर दारं उघडणार नाहीत, पण खाचेत घालायच्या चावीने गाडी सुरू व्हायलाच हवी. (बटणवाल्या गाडीत सेल संपला असेल तर फोब, म्हणजे रिमोट चावी, ठरलेल्या जागी टेकवावा लागतो. बऱ्याच गाड्यांत ती जागा म्हणजे स्टार्टचं बटणच, पण मॅन्युअल बघा.)

आता कपाटातली दुसरी चावी काढा. जुडग्यात दुसऱ्या गाडीची चिपवाली चावी असेल तर ती आधी वेगळी करा, कारण ती जवळ असली तरी वाचन बिघडतं. दुसऱ्या चावीने गाडी सुरू झाली तर दोष बहुधा पहिल्या चावीत. दोन्हींनी होत नसेल तर कॉइल, वायरिंग, फ्यूज किंवा मॉड्यूल, म्हणजे इमोबिलायझर चालवणारा इलेक्ट्रॉनिक डबा. आणि बॅटरी विसरू नका: गाडी बंद असताना १२.६ व्होल्ट म्हणजे भरलेली, १२.२ म्हणजे साधारण अर्धी. सेल्फ मारताना व्होल्टेज साडेनऊच्याही खाली जात असेल तर मॉड्यूल वेड्यासारखी वागू शकतात. तेव्हा आधी बॅटरी, मग बाकीचं.

फक्त चावीचाच प्रश्न असेल तर चावीवाला सहसा सगळ्यात स्वस्त आणि झटपट पडतो. मात्र आरसी न बघता चिप कोड करून देणाऱ्याकडे जाऊ नका, कारण तो उद्या तुमच्या गाडीची चावी दुसऱ्यालाही करून देईल. चावी हरवली असेल तर नवी करताना हरवलेलीची नोंद पुसून घ्या. त्यासाठी उरलेल्या सगळ्या चाव्या सोबत न्या. बऱ्याच गाड्यांत जुन्या नोंदी एकदम पुसून हजर चाव्याच पुन्हा नोंदवतात. बिल जपून ठेवा. चोरीच्या दाव्यात विमा कंपनी सगळ्या चाव्या मागते आणि एक कमी भरली की प्रश्न सुरू होतात.

दोन्ही चाव्या नापास झाल्या की खरी निवड उरते इलेक्ट्रिशियन आणि सर्व्हिस सेंटर यांच्यात.

सर्व्हिस सेंटरच्या स्कॅनरवर किती चाव्या नोंदलेल्या आहेत, चिप वाचली जातेय की नाही, हे थेट दिसतं. मॉड्यूल बदलायचं तर त्याचं कोडिंग तिथेच निर्धोक. गाडी वॉरंटीत असेल तर दुसरीकडे बोटही लावू देऊ नका. पण तुटकी तार शोधत बसण्यापेक्षा अख्खा भाग बदलण्याकडे त्यांचा कल असतो, आणि बिलही तसंच येतं. शिवाय गाडी चालत नाही, म्हणजे टोइंग आलंच.

पावसाळ्यात हा दोष उपटला की मी आधी चांगल्या इलेक्ट्रिशियनला बोलवेन. उंदरांनी कुरतडलेली वायर, पाणी जाऊन हिरवट झालेला कपलर, सैल अर्थिंग, कुणीतरी म्युझिक सिस्टीम किंवा बाहेरचा अलार्म बसवताना मारलेला जोड, हे सगळं मल्टीमीटर आणि चिकाटीने सापडतं. त्याच्याकडच्या स्कॅनरची मात्र चौकशी करा. स्वस्तातला ब्लूटूथ रीडर सहसा फक्त इंजिनचे कोड, म्हणजे गाडीने नोंदवलेले दोषांचे क्रमांक, दाखवतो. पी०५१३ आला तर चावी पटली नाही एवढंच कळतं. चिप मेली की कॉइल, ते नाही. यू०१६७ आला तर इमोबिलायझर मॉड्यूलशी संपर्कच तुटलाय, म्हणजे त्याचा फ्यूज, पुरवठा, अर्थ आणि डेटा वायर आधी तपासायच्या. व्होल्टेज न मोजता ‘ईसीयू गेला’ म्हणणाऱ्याला चहा पाजून परत पाठवा.

चौथा पर्यायही कुणीतरी सुचवतंच: ‘इमोबिलायझर बायपास करून टाकतो, कटकट संपली.’ कटकट संपते खरी, पण मग साध्या डुप्लिकेट चावीनेही गाडी निघून जाते. मी तरी नाही म्हणेन.

दोष अधूनमधूनच येत असेल तर कुणाकडेही नेलं तरी नेमकी तिथे गाडी शहाण्यासारखी वागते. तेव्हा बंद पडल्यावर लगेच डॅशबोर्डचा व्हिडिओ काढा: चावी फिरवल्यापासून दिवा कसा मिचमिचतो, स्टार्टर फिरतो का, आणि गाडी तेव्हा उन्हात तापलेली होती की पावसात भिजलेली. व्हिडिओ इलेक्ट्रिशियनला दाखवा आणि गाडी दोन-तीन दिवस त्याच्याकडेच राहू द्या.