फायनल इयरच्या प्रोजेक्टला स्क्रम लावावा की कानबान?

अजाईल म्हणजे सॉफ्टवेअर थोडं थोडं बनवत, वापरणाऱ्याला दाखवत, बदलत पुढे नेण्याचा विचार. त्याची चार मूल्यं आणि बारा तत्त्वं एका तासात शिकवून होतात. फेब्रुवारी २००१ मध्ये अमेरिकेतल्या युटा राज्यात, स्नोबर्डला जमलेल्या १७ जणांनी त्याचा जाहीरनामा केला, हेही मुलं पेपरात बिनचूक लिहितात. आणि तीच मुलं प्रोजेक्टचं सगळं कोडिंग सबमिशनच्या आदल्या आठवड्यात रात्री जागून करतात. म्हणून ही मूल्यं प्रोजेक्टमधूनच शिकवायची, हे धरून चालू. मग गाईडपुढे, म्हणजे प्रोजेक्टच्या मार्गदर्शक शिक्षकांपुढे, प्रश्न उरतो: चार जणांच्या ग्रुपला अजाईलच्या दोन पद्धतींपैकी स्क्रम (ठरावीक मुदतीच्या फेऱ्यांत काम) द्यायचा की कानबान (बोर्डवर चिठ्ठ्या लावून काम)?

माझं मत आधीच सांगतो. दर दोन आठवड्यांनी केलेलं काम बघायला खरा वापरणारा माणूस येणार असेल, तर स्क्रम. नसेल, तर कानबान.

स्क्रम

केन श्वाबर आणि जेफ सदरलंड यांनी १९९५ मध्ये मांडलेली ही पद्धत. स्प्रिंट, म्हणजे कामाची एक फेरी, जास्तीत जास्त एक महिन्याचा असतो. कॉलेजात दोन आठवड्यांचा ठेवावा. टेस्ट आणि फेस्टचे दिवस वजा जाता एका सेमिस्टरमध्ये पाच स्प्रिंट झाले तरी भरपूर.

स्क्रमची खरी ताकद स्प्रिंटच्या शेवटी, झालेलं काम दाखवण्यासाठी होणाऱ्या रिव्ह्यूत आहे. समजा, ग्रुप होस्टेलच्या मेससाठी ॲप करतोय. मुलांनी लॉगिन, मेनू, रेटिंग असं सगळं ठरवलंय. पहिल्याच रिव्ह्यूला मेसचे काका म्हणतात, "मेनू राहू दे, उद्या रात्री किती ताटं लागतील तेवढं सांग." ठरलेल्या योजनेपेक्षा बदलाला प्रतिसाद महत्त्वाचा, हे मूल्य त्या एका वाक्यात जितकं पोचतं तितकं माझ्या कुठल्याही लेक्चरमध्ये पोचणार नाही. पण काकांच्या जागी गाईडच बसले, तर रिव्ह्यूची व्हायवा होते. मुलं डेमो दाखवण्याऐवजी बचाव करायला लागतात. प्रॉडक्ट ओनर, म्हणजे आधी काय बनवायचं हे ठरवणारा, म्हणूनही गाईडनी बसू नये. ज्यांच्या हातात टर्मवर्कचे मार्क आहेत त्यांना "सर, हे या स्प्रिंटमध्ये बसणार नाही" असं कोण म्हणणार?

अडचणी दोन. पहिली म्हणजे रोजची १५ मिनिटांची बैठक. चौघांच्या प्रॅक्टिकलच्या बॅचेस वेगळ्या असल्या की ती व्हॉट्सॲपवरची हजेरी होते. "काल काय केलं, आज काय करणार, कुठे अडलं" हे तीन प्रश्न अजूनही पाठ करून घेतले जातात. खुद्द "स्क्रम गाईड" या स्क्रमच्या अधिकृत नियमपुस्तिकेच्या २०२० च्या आवृत्तीतून ते काढून टाकलेत. आठवड्यातून दोनदा भेटा, भागतं. मात्र अर्धवट राबवलेल्याला स्क्रम म्हणू नये, असंही ती पुस्तिका बजावते, ते मुलांना मोकळेपणाने सांगावं.

दुसरी अडचण रेट्रोस्पेक्टिव्हची, म्हणजे स्प्रिंट संपल्यावर आपण काम कसं केलं हे ग्रुपने आपसात तपासायच्या बैठकीची. सरांसमोर "हा काहीच करत नाही" असं कुणी मित्राबद्दल बोलत नाही. गाईडनी बाहेर जावं, आणि पुढच्या स्प्रिंटमध्ये कोणती एक गोष्ट बदलणार एवढंच नंतर विचारावं. (स्टोरी पॉइंट्सच्या, म्हणजे काम किती मोठं याच्या अंदाजी आकड्यांच्या, नादी लागू नका. स्क्रम गाईडमध्ये त्यांचा उल्लेखही नाही, आणि मुलं त्यांना मार्क समजतात.)

कानबान

मूळ टोयोटाच्या कारखान्यातलं, ताइइची ओनो यांचं. सॉफ्टवेअरच्या कामात ते डेव्हिड अँडरसन यांनी आणलं. नवी पदं नाहीत, स्प्रिंट नाही. सध्या जसं काम चाललंय तिथूनच सुरुवात. भिंतीवर चार्ट पेपर, त्यावर "करायचं", "चालू", "झालं" असे तीन रकाने, आणि "चालू"मध्ये एका वेळी तीनच चिठ्ठ्या. माणसं चार आणि चिठ्ठ्या तीन, त्यामुळे दोघांना एका कामावर एकत्र बसावंच लागतं.

ही मर्यादा का, हे इंजिनिअरिंगच्या मुलांना लिटलच्या नियमाने पटवता येतं: हातातल्या अर्धवट कामांना काम संपण्याच्या वेगाने भागलं, की एका कामाला लागणारा सरासरी वेळ मिळतो. बारा कामं अर्धवट आहेत आणि आठवड्याला तीन संपतात, तर एक काम संपायला सरासरी चार आठवडे. वेग तोच ठेवून अर्धवट कामं सहावर आणली, की दोन आठवडे. "सर, ऐंशी टक्के झालंय" हे वाक्य या बोर्डवर टिकत नाही. ब्लॅक बुकची, म्हणजे प्रोजेक्टच्या छापील अहवालाची, प्रकरणंही चिठ्ठ्या म्हणून लावावीत. कागदपत्रांपेक्षा चालणारं सॉफ्टवेअर मोठं, या अजाईलच्या मूल्याचा अर्थ मुलं "कागदपत्रं नकोत" असा काढतात. जाहीरनाम्यात तसं नाही, आणि विद्यापीठालाही ते चालणार नाही.

कानबानची कमजोरी अशी की नवख्यांना तो कुठल्याच तारखेला उभं करत नाही. बोर्ड तीन आठवडे तसाच राहतो आणि गाईडच्या मीटिंगच्या आदल्या रात्री सगळ्या चिठ्ठ्या एकदम उजवीकडे सरकतात. वापरणाऱ्याला विचारायची आठवणही तो आपणहून करून देत नाही. माझ्या लेखी हा स्क्रमच्या अडचणींपेक्षा मोठा दोष आहे, कारण बारा तत्त्वांतलं पहिलंच ग्राहकाच्या समाधानाबद्दल आहे.

मग निवड?

प्लेसमेंटच्या इंटरव्ह्यूत स्क्रमचे शब्द जास्त कामी येतात, हे खरं. पण ते शब्द तासाभरात शिकता येतात. त्यासाठी पद्धत निवडू नये. सेकंड इयरच्या मिनी प्रोजेक्टला कानबान पुरतो. कंपनीने स्पॉन्सर केलेला प्रोजेक्ट असेल आणि तिथला माणूस वेळ देणार असेल, तर स्क्रमच. मधली स्थिती सर्वात जास्त आढळते: ग्रुप सहा, गाईड एक, बाहेरचं कुणी नाही. तिथे कानबानचा बोर्ड लावा आणि दर दुसऱ्या शुक्रवारी एका ग्रुपचं काम दुसऱ्या ग्रुपला वापरायला द्या. मार्क चिठ्ठ्या मोजून देऊ नका, नाहीतर एका कामाच्या पाच चिठ्ठ्या होतील. त्या शुक्रवारी काय ऐकलं आणि त्यानंतर कामात काय बदललं, यावर द्या.