स्पितीतले घरगुती मुक्काम: लांगझा, कोमिक, देमुल

हिमाचलातल्या स्पिती खोऱ्यात लांगझा, कोमिक, देमुल या गावांच्या वाटेवर तंबू वाहायची गरज नाही. तिन्ही गावांत घरात उतरता येतं आणि रात्रीचं जेवण, नाश्ता सहसा भाड्यातच धरलेला असतो. देमुलची पद्धत सगळ्यांत उत्तम: पाहुणे पाळीपाळीनं घरांत वाटले जातात, त्यामुळे कमाई एकाच दारात अडकत नाही. म्हणून तिथं ठरावीक घराचा हट्ट धरू नये.

थुक्पा म्हणजे शेवयांचं सूप, भाजलेल्या सातूच्या पिठाचा त्साम्पा, लोणी-मीठ घातलेला चहा. जेवण साधं, पण गरम आणि पोटभर.

संडास कोरडा असतो, आणि नवखे चुकतात ते इथंच. खड्ड्यात पाणी ओतायचं नाही, वर फावडंभर माती किंवा राख टाकायची. पाणी पडलं की कुजणं बिघडतं, घाण वास सुटतो आणि सातू-वाटाण्याच्या शेतांचं खत वाया जातं. ओले टिश्यू, पॅड आपल्या पिशवीतून परत न्यावेत.

लांगझा सुमारे ४,४०० मीटरवर आहे. मनालीहून थेट चढून आलं तर डोकं ठणकतं, झोप लागत नाही. किन्नौरमार्गे हळूहळू उंची गाठत यावं, काझात, म्हणजे स्पितीच्या मुख्य गावात, किमान दोन रात्री काढाव्यात आणि रोख पैसेही तिथूनच घ्यावेत.