धारावीचा नळाचा माठ: गारवा बरा, कान नाहीत

नव्वद फुटी रस्त्यालगतच्या कुंभारवाड्यात नळाचे माठ रांगेने मांडलेले असतात. घरासाठी दहा लिटरचा, बिनरंगाचा तांबडा माठ घ्यावा. बोटाच्या पेराने वाजवा. खणखणीत वाजला तर भाजणी नीट आहे. बद्द वाजला तर चीर गेलेली आहे किंवा तो कच्चा राहिलाय. ऑइल पेंटची नक्षी दिसते छान, पण रंगाने छिद्रं बुजतात. पाणी झिरपून बाहेरच्या अंगावरून उडतं तेव्हा एका ग्रॅममागे साधारण ५८० कॅलरी उष्णता घेऊन जातं; तेच थांबलं तर माठ कशाला, स्टीलची टाकी काय वाईट?

मुंबईत अपेक्षा बेतानेच ठेवावी. हवा ३३ अंश आणि आर्द्रता ७० टक्के असताना कितीही चांगला माठ २८ अंशांच्या खाली जात नाही. तरी खिडकीशी, सावलीत, वाऱ्यावर, तिवईवर ठेवला तर फरक जाणवतो. आधी एक दिवस पूर्ण बुडवून ठेवा आणि ते पाणी फेकून द्या. साबण कधीच नको, माती तो पिऊन घेते. काथ्या आणि मीठ पुरे.

नळाला आतून-बाहेरून रबरी वायसर हवा. चकती हातानेच आवळा. पान्याने आवळली की भोकापासून चीर निघते.

खरी अडचण धुताना येते. नळ तळाच्या वर असल्याने खालचं पाणी उरतं, माठ तिरका करावा लागतो आणि ओल्या गुळगुळीत पोटाला धरायला काहीच नसतं. प्राचीन ग्रीकांच्या हायड्रिया नावाच्या पाण्याच्या घड्याला तीन कान असत: बाजूचे दोन आडवे उचलायला, मागचा उभा ओतायला. ग्रीकमध्ये हुडोर म्हणजे पाणी, त्यावरून हे नाव. इ.स.पू. ५७०च्या सुमाराच्या फ्रांस्वा कलश या चित्रांच्या ग्रीक भांड्यावर, पळणाऱ्या बाईच्या हातून पडलेल्या घड्याशेजारी हे नाव चक्क लिहिलेलं आहे. अथेन्सच्या काळ्या आकृत्यांच्या घड्यांवर पाणवठ्यावरच्या बायका भरलेला घडा डोक्यावर उभा नेतात, रिकामा आडवा. पुढे अलेक्झांड्रियाजवळच्या हाद्रा इथे याच घड्यांत अस्थीही ठेवल्या गेल्या.

आपल्या माठाला दोन आडवे कान लावायला कुंभाराला फार माती लागणार नाही. तोवर रुंद तोंडाचाच घ्या, हात कोपरापर्यंत आत जायला हवा.