आरसी ३९० की निंजा ३००?

केटीएमची आरसी ३९० आणि कावासाकीची निंजा ३००, दोन्ही मोटारसायकली चाकणमध्येच तयार होतात, पण स्वभावात जमीन-अस्मानाचा फरक. केटीएमचं ३७३ सीसीचं एकच सिलिंडर मधल्या आरपीएमलाच (म्हणजे इंजिनाच्या मिनिटाला होणाऱ्या फेऱ्या) असं खेचतं की खंबाटकी चढताना गिअर उतरवायची आठवणही राहत नाही. सिग्नलच्या रांगेत मात्र तीच गाडी कुरकुरते, चेन खडखडते, मांड्या भाजतात.

कावासाकीची दोन सिलिंडरं २९६ सीसीची, आणि पूर्ण ताकद ११,००० आरपीएमला. कमी आरपीएमला ती गरीब गाय. पण हायवेवर तासभर चालवा, तळहाताला मुंग्या येत नाहीत, आरशातला ट्रक ट्रकच दिसतो.

पावसाळी घाटात माझं मत आरसीला. २०२२ च्या मॉडेलपासून तिला ट्रॅक्शन कंट्रोल (मागचं चाक जागीच फिरू न देणारं) आणि कॉर्नरिंग एबीएस (वळणावर झुकलेली असतानाही ब्रेक लावला तर चाक लॉक होऊ न देणारं) आहे. निंजाला साधं एबीएस. अर्थात वळणावर लाल माती पसरली असेल तर दोन्हींचं इलेक्ट्रॉनिक्स हात वर करतं.

ट्यूनिंगचं म्हणाल तर लोक आधी सायलेन्सर बदलतात, शेजाऱ्यांचे शाप घेतात. मी तेच पैसे चांगल्या टायरांत घालीन. चेन किती ढिली आहे, हे बोटाने दाबून दर आठवड्याला बघायला तर काहीच खर्च नाही.

रोज ऑफिसला जायचंय? निंजा घ्या.