पिंजून दिलेल्या तीन गाद्या आणि न टोचणारे घोंगडे

गेल्या नोव्हेंबरात दारावर आलेल्या गादीवाल्यांनी माझ्याकडून आठ हजार रुपये नेले, आणि त्याहून अधिक जिव्हारी लागलेली गोष्ट म्हणजे माझ्या लग्नात सासऱ्यांनी भरून दिलेल्या गाद्यांतला लांब धाग्याचा कापूसही नेला. मी साताऱ्यातील एका पतसंस्थेत एकतीस वर्षे हिशेब तपासण्याचे काम केले आहे. दुसऱ्यांच्या खतावणीतली चूक शोधण्यात ज्याचे आयुष्य गेले, त्याला त्याच्याच अंगणात, दिवसाढवळ्या, किलो आणि पाव यांच्या हिशेबात गंडवता येते, हे सांगताना संकोच वाटतो. तरीही थंडीच्या तोंडावर असे टेम्पो पुन्हा गल्ल्यांतून फिरू लागले आहेत, म्हणून घडले तसे लिहीत आहे.

आमचे घर शाहूपुरीत आहे. दिवाळी सरली की यवतेश्वरच्या डोंगराकडून येणारा वारा आमच्या मागच्या खोलीत थेट शिरतो, आणि त्याच खोलीत माझी ब्याऐंशी वर्षांची आई झोपते. घर ठेवींच्या व्याजावर चालत असल्यामुळे हिवाळ्याच्या तयारीसाठी बारा हजार रुपये बाजूला काढले होते आणि त्यांत सगळे बसवायचे होते. गिझरचा विचार वीजबिलाच्या धास्तीने सोडून दिला, जुन्या तांब्याच्या बंबाला डाख लावून घेतला, मागच्या खिडकीची तडकलेली काच बदलली आणि स्वेटर उन्हात टाकले. या सगळ्यात तीनेक हजार गेले. उरला प्रश्न तीन गाद्यांचा आणि दोन रजयांचा. कापूस वर्षानुवर्षे अंगाखाली दबला की त्यातली हवा निघून जाते, गादीची फळी होते आणि फरशीचा गारवा थेट पाठीला लागतो. तोच कापूस पिंजून मोकळा केला की पुन्हा ऊब धरतो. नव्या गाद्या घेण्यापेक्षा हे कितीतरी स्वस्त पडते, हा माझा हिशेब चुकीचा नव्हता. चूक पुढे झाली.

आमच्या भागातले वयस्कर पिंजारी कामात गुंतलेले होते आणि त्यांनी पंधरा दिवसांनंतरची तारीख दिली होती. नेमक्या त्याच आठवड्यात ध्वनिक्षेपकावर ओरडत एक टेम्पो गल्लीत आला. मागे पिंजण्याचे यंत्र बसवलेले होते, चालकासह चौघे जण होते आणि बोलणारा मनुष्य अत्यंत अदबीने वागत होता. ‘काका, तीस रुपयांत पिंजून देतो, तुमच्या डोळ्यांसमोर, संध्याकाळच्या आत, शिलाईचे काय ते वेगळे.’ मी मनात गुणाकार केला. तीन गाद्या आणि दोन रजया मिळून छत्तीस किलोच्या आसपास कापूस, म्हणजे पिंजाईचे जेमतेम अकराशे रुपये. गादीपाट, म्हणजे खोळीचे जाड कापड, मी मोती चौकातून आधीच आणून ठेवला होता. तीस रुपये कशाचे, हे मी विचारले नाही, कारण पिंजाई किलोवर असते हे मला ठाऊक होते, आणि जे आपल्याला ठाऊक आहे ते समोरच्यालाही तसेच अभिप्रेत असणार असे मी धरून चाललो. पतसंस्थेत असा दर कोणी कागदावर एकक न लिहिता आणला असता, तर तो कागद मी परत पाठवला असता.

पहिली गादी माझी होती. तिची शिवण उसवल्यापासून नव्या खोळीला शेवटचा टाका पडेपर्यंत मी खुर्ची टाकून समोर बसलो होतो. काम खरोखर देखणे झाले. दबून पिवळसर पडलेला कापूस यंत्रातून ढगासारखा बाहेर आला, तो त्यांनी थर लावून सारखा पसरला आणि गादी बोटभर दाबली तर लगेच वर येऊ लागली. आज विचार करताना लक्षात येते की सगळी युक्ती या पहिल्या गादीत होती. लक्ष ठेवणारे गिऱ्हाईक समाधान पावेपर्यंत त्यांनी एक काम प्रामाणिकपणे केले, आणि ते झाल्याबरोबर बोलणारा मनुष्य म्हणाला, ‘काका, धूळ फार उडते, तुमच्या वयाला बरी नाही, तुम्ही ओट्यावर बसा, अंधार पडायच्या आत उरकायचे तर बाकीच्या एकदम उसवून घेतो.’ धूळ खरेच उडत होती. मी नाकाला रुमाल लावून ओट्यावर गेलो. टेम्पो त्यांनी आता अशा बेताने वळवून लावला होता की यंत्राचे तोंड मला दिसत होते, पण कापूस भरणारी दोन पोरे टेम्पोच्या पलीकडे होती. त्या बाजूला गोण्याही होत्या. त्या गोण्यांत काय आहे, असे मी विचारले तेव्हा ‘कचरा’ असे उत्तर मिळाले.

साडेपाचला काम संपले आणि हिशेब समोर आला. तीस रुपये पावाचे होते. पाव किलोला तीस, म्हणजे किलोला एकशेवीस. टेम्पोला टांगलेल्या स्प्रिंगच्या काट्यावर त्यांनी तयार गाद्या एकेक करून लावून दाखवल्या: गाद्या बारा-बारा किलोच्या, रजया चार-चार किलोच्या, एकूण चव्वेचाळीस किलो आणि पिंजाई ५,२८० रुपये. घट भरून काढायला म्हणून सहा किलो नवा कापूस घातल्याचे १,५०० रुपये, तीन गाद्यांची शिलाई ७५० आणि रजयांची ३००. बेरीज ७,८३०. मी आवाज चढवला तेव्हा बोलणाऱ्याची अदब किंचितही ढळली नाही. त्याने फक्त एका पोराला सांगितले, ‘काकांना पटत नसेल तर गाद्या उसव, कापूस ओसरीवर ओत आणि चल.’ बाहेर अंधार पडत होता, आत आई आडवी व्हायची वाट पाहत होती आणि दुसऱ्या कुठल्याही गाद्या घरात नव्हत्या. बरीच घासाघीस होऊन आकडा ६,५०० वर आला. १,३३० रुपये वाचवल्याचे समाधान मला त्या क्षणी वाटले, हे मी लपवत नाही. तो आकडा कमी करण्यासाठीच फुगवलेला असतो, हे तेव्हा सुचले नाही.

एवढ्यावर थांबलो असतो तरी चालले असते. जाता जाता त्याने टेम्पोच्या पुढच्या भागातून एक काळे घोंगडे काढून आईच्या मांडीवर ठेवले. ‘आजी, म्हसवडचे आहे, अस्सल लोकर, किमतीत आठशे कमी करून देतो.’ आईचे माहेर माण तालुक्यातले; घरात मेंढ्या होत्या आणि घोंगड्याला चिंचोक्याची खळ लावताना पाहतच ती वाढली. तिने घोंगड्यावरून दोनदा हात फिरवला आणि म्हणाली, ‘ह्ये टोचत न्हाई रं.’ मला ते कौतुक वाटले. टोचत नाही म्हणजे तिच्या नाजूक झालेल्या कातडीला चांगलेच, असा अर्थ लावून मी १,५०० रुपये मोजले. पैसे रोखच हवेत, असा त्याचा आग्रह होता. पावती मागितली तेव्हा त्याने एक छापील कार्ड दिले आणि टेम्पो वळणावरून दिसेनासा झाला.

डिसेंबरात पारा बारा अंशांच्या आसपास उतरला आणि आई पहाटे उठून बसू लागली. गादी मधोमध खड्ड्यासारखी खचली होती, पायथ्याशी मुठीएवढे गोळे जमले होते आणि रजई उजेडासमोर धरली तर काही ठिकाणी नुसते कापडच दिसत होते. तिचे म्हणणे तिने स्वच्छ शब्दांत मांडले: ‘घोंगडं टोचत न्हाई म्हंजी ते घोंगडं कसलं? तवाच सांगितलं हुतं.’ शेवटी त्या वयस्कर पिंजाऱ्यांना घरी बोलावले. त्यांनी आईच्या गादीची कडेची शिवण वीतभर उसवली आणि आत हात घातला. वर दोन बोटे जाडीचा पांढरा कापूस होता. त्याखाली जे निघाले ते राखाडी, मातकट रंगाचे होते. त्यात जीनच्या कापडाचे निळे धागे होते, साडीच्या जरीचा एक तुकडा होता, इलॅस्टिकची चोळामोळा झालेली पट्टी होती आणि एका सदऱ्याचे बटण दोऱ्यासकट अडकलेले होते. शिलाईच्या कारखान्यांतील चिंध्या आणि जुने कपडे यंत्रात फाडून केलेला हा माल असतो, असे त्यांनी सांगितले. त्याचे तंतू इतके आखूड असतात की ते एकमेकांत गुंतत नाहीत, म्हणून अंगाखाली सरकून त्यांचे गोळे होतात.

मग त्यांनी विचारलेला प्रश्न मी विसरणार नाही. ‘साहेब, उसवायच्या आधी वजन केले होते का?’ नव्हते केले. ‘पिंजल्यावर कापूस फुगतो, वजन कसे वाढेल? धूळ आणि बारीक भुगा निघून जातो, किलोमागे पन्नास-शंभर ग्रॅम घटच येते.’ छत्तीस किलोच्या कापसाला फार तर साडेतीन किलो घट आली असती. सहा किलो नवा कापूस घातला असे मानले तरी बेरीज चाळिशीच्या आसपासच राहते. समोर मात्र चव्वेचाळीस किलो मांडले गेले आणि मी वजन न पडताळता दराशी भांडत बसलो. दुसऱ्या दिवशी आईची गादी कोपऱ्यावरच्या रद्दीवाल्याच्या काट्यावर ठेवली. बारा किलोची म्हणून पैसे दिलेली ती गादी सात किलो आठशे ग्रॅम भरली. व्यापारात वापरायच्या काट्यावर वजनमापे तपासणाऱ्या वैधमापनशास्त्र विभागाची मुद्रा असावी लागते आणि इलेक्ट्रॉनिक काट्याची पडताळणी दरवर्षी होते. रद्दीवाल्याने त्याचे प्रमाणपत्र भिंतीवर लावलेले आहे. टेम्पोला टांगलेल्या त्या गंजक्या स्प्रिंगवर मुद्रा आहे का, हे पाहण्याचे माझ्या मनातही आले नव्हते.

कापूस आणि लोकर पारखण्याची घरगुती रीत पिंजाऱ्यांनी ओट्यावरच करून दाखवली, आणि ती लक्षात ठेवण्यासारखी आहे. वरच्या थरातला चिमूटभर कापूस चिमट्यात धरून पेटवला, तर जळत्या कागदासारखा वास आला आणि बोटांत मऊ राख उरली. खालचा राखाडी माल जळताना वितळला आणि त्याची कडक काळी गुठळी झाली, म्हणजे त्यात पॉलिस्टर होते. घोंगड्याच्या काठाचे दोन धागे पेटवले तेव्हा काळा धूर निघाला आणि नखाने फुटणार नाही असा मणी उरला. ते अ‍ॅक्रिलिकचे होते. खरी लोकर जळताना केस जळल्याचा वास येतो, ज्योत दूर नेली की ती बहुधा आपोआप विझते आणि उरलेले काळे बोटांनी चुरडले जाते. दख्खनी मेंढीची लोकर मुळात जाडीभरडी असते, त्यामुळे आमच्याकडचे घोंगडे टोचणारच. आईच्या हाताला ही परीक्षा काडी न ओढताच जमली होती.

तक्रारीचेही सांगतो. १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर फोन लागला आणि बोलणाऱ्या बाईंनी शांतपणे ऐकून घेतले. जिल्हा ग्राहक आयोगाकडे दोन वर्षांच्या आत तक्रार करता येते आणि पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला शुल्कही लागत नाही, परंतु ज्याच्याविरुद्ध दाद मागायची त्याचे नाव आणि पत्ता द्यावा लागतो. कार्डावरचा क्रमांक अस्तित्वात नव्हता. पोलिसांनी टेम्पोचा क्रमांक विचारला. तो मी टिपून घेतला नव्हता. समोरच्या घरातील कॅमेऱ्यात टेम्पो निश्चित आला असणार, पण ते चित्रण पंधरा दिवसांनी आपोआप पुसले जाते आणि मी महिन्याने गेलो होतो. काम सुरू होण्याआधी टेम्पोच्या पाटीचे एक छायाचित्र काढले असते, दर ‘किलोला’ असे लिहून घेतले असते, जुन्या गाद्या आधी तोलल्या असत्या आणि एक पूर्ण शिवून झाल्याशिवाय दुसरी उसवू दिली नसती, तर यांतील एकेका गोष्टीने त्यांचा डाव अडला असता. चौथी गोष्ट मला सर्वांत महत्त्वाची वाटते, कारण सगळ्या गाद्या एकदम उसवल्या की घासाघीस करण्याचे आपले बळच संपते.

पुढे पिंजाऱ्यांनी आईची गादी आणि दोन्ही रजया नव्या कापसाने भरून दिल्या, त्याचे ५,२०० रुपये झाले. दर त्यांनी आधी वहीच्या पानावर लिहून दिला आणि कापूस माझ्यासमोर दोनदा तोलला. तिसऱ्या गादीला पैसे उरले नव्हते, म्हणून तिच्याऐवजी सतरंजी आणि दोन सोलापुरी चादरी यांवर निभावून नेले. नवे घोंगडे आईच्या भाच्याने म्हसवडहून आणले. ते इतके टोचते की मला अंगावर घेववत नाही, आणि आई त्यात सकाळी सातपर्यंत झोपते. काळे अ‍ॅक्रिलिकचे घोंगडे बंबासाठी रचलेल्या लाकडांवर दव पडू नये म्हणून टाकले आहे. माझ्या डोळ्यांसमोर भरलेली पहिली गादी मात्र अजूनही बोटभर दाबली तर लगेच वर येते.